खळबळ पहिल्या पानावर, खुलासा कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला परग्रहवासीयांवरचा लेख वाचला. त्यांच्याशी संपर्क होताच बाजार कोसळतील, धर्म डळमळतील, लोक घाबरून रस्त्यावर येतील, असे चित्र त्यात रंगवले आहे. लोक रस्त्यावर येतील हे मान्य, पण ते पळायला नव्हे, बघायला. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. हातात मोबाइल नसतानाही बातमी काही तासांत सगळीकडे पोचली. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाते, हे शास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिले, पण रांगेतल्या कितींनी ते ऐकून घेतले? आमच्या शिवारात यान उतरलेच, तर तासाभरात तिथे वडापावची गाडी लागेल आणि पार्किंगची पावती फाडायलाही कुणीतरी उभे राहील.

मुळात यान उतरण्याची शक्यता फार कमी. बातमी येईल ती एखाद्या आलेखातून, आणि तिला 'बहुधा' चिकटलेले असेल. ७ ऑगस्ट १९९६ ला नासाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की अंटार्क्टिकात १९८४ साली सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या दगडात प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर खास निवेदन केले. जग दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामाला गेले. तशा खुणा जीवांशिवायही तयार होऊ शकतात, याकडे पुढे बहुतेक शास्त्रज्ञांचा कल झाला. पण मूळ बातमी आठवणाऱ्या अनेकांच्या लेखी मंगळावर जीवसृष्टी तेव्हाच सापडली आहे!

आपल्याकडचे उदाहरण तर घरचेच आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत भरून आणले. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांत त्यांची तपासणी झाली, आणि २००९ मध्ये इस्रोने जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती जाहीर केल्या. त्यातल्या एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांचे नाव दिले, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे. मात्र हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे या अभ्यासातून ठामपणे सिद्ध होत नाही, हे इस्रोने त्याच निवेदनात लिहिले होते. एवढे सरळ वाक्य, पण मथळ्यात ते मावत नाही. एप्रिल २०२५ मध्ये १२४ प्रकाशवर्षे दूरच्या के२-१८बी या ग्रहाचेही तेच झाले. त्याच्या वातावरणात, पृथ्वीवर मुख्यतः सागरी सूक्ष्मजीव तयार करतात तो वायू असल्याचा दावा केंब्रिजच्या चमूने केला. पण पुरावा तीन सिग्माचा (सिग्मा हे पुरावा किती पक्का ते सांगणारे माप), म्हणजे शोध मानण्यासाठी लागणाऱ्या पाच सिग्मापेक्षा बराच कमी. हे त्या चमूनेच सांगितले होते. पुढे इतरांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासून दाव्याबद्दल शंका घेतल्या. त्या शंकांना आपल्या अंकात चार ओळी तरी मिळाल्या का? मी शोधल्या, मला दिसल्या नाहीत.

उद्या खरोखर एखादा रेडिओ संदेश पकडला गेला, तर तो पडताळायला आमच्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही सांगितले जाऊ शकते. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या रानांतून ४५ मीटर व्यासाच्या त्या डिश दिसतात. अशा एकूण तीस. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचे 'स्कायापरेली' यान मंगळावर उतरत असताना त्याचा अगदी क्षीण संकेत खोडदला थेट ऐकू येत होता, आणि उतरण्याच्या थोडे आधी तो बंद पडला. यान आदळले हे पक्के व्हायला पुढचे काही दिवस लागले. इथे यान आपलेच होते, जागा ठाऊक, वेळ ठाऊक. अनोळखी संदेशाच्या बाबतीत किती महिने जातील, आणि तेवढ्या महिन्यांत वाहिन्यांवर किती भविष्यवेत्ते येऊन जातील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न वेगळाच. पडताळणीआधी घोषणा नको, आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय उत्तर नको, असे आचारसंकेत शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये ठरवले. कायद्याने ते कुणावर बंधनकारक नाहीत. त्याआधी १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून एका तारकागुच्छाकडे संदेश पाठवूनही झाला होता. तुम्हाआम्हाला कोण विचारतो!

माझी विनंती साधी आहे. अशा दाव्याची बातमी छापताना पुरावा किती पक्का आहे ते पहिल्या परिच्छेदात द्यावे. आणि दाव्यावर आक्षेप आले, की ते त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावेत. सुरुवात के२-१८बीपासून करता येईल. पुण्याच्या एनसीआरए किंवा आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थांत मराठीत लिहिणारे शास्त्रज्ञ आहेत. एखाद्याला हजार शब्द द्या, राशिभविष्याची जागा आठवडाभर कमी पडली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर, जि. पुणे)