पहिली बाजू चढी होती

प्रिय बंड्या,

किती दिवसांनी लिहितोय ते मोजू नकोस. मी मोजलं आणि पेन खाली ठेवलं. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याच्या आधीच्यालाही नाही, आणि फोनवर आपण जे बोलतो त्याला बोलणं म्हणायचं तर मग हवामानखात्यालाही मित्र म्हणावं लागेल. तब्येत बरी आहे. गोळ्या चालू, गुडघा होता तिथेच. पुढे.

आज संध्याकाळी जे झालं ते घरात सांगून उपयोग नव्हता. हिला सांगितलं, तर शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "मग?" तिचंही खरंच आहे. म्हणून तुला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलंय. त्यांची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ट्रम्पेट शिकते. सात वाजले की तिचे लांब सूर सुरू होतात आणि जिन्यातली दारं एकामागोमाग लागतात. मी आमचं उघडं ठेवतो. परवा जिन्यात गाठून विचारलं, माइल्स डेव्हिस ऐकतेस का? म्हणाली, फोनवर ऐकते. मी म्हटलं, एकदा खाली ये, रेकॉर्डवर ऐक. (हस. मला माहीत होतं तू इथे हसणार.) आज आली ती वाद्य घेऊनच. मी माइल्सची 'काइंड ऑफ ब्लू' काढली. हो, तीच. कोपरा फाटलेली, मागे लंबूच्या अक्षरात कुणाचा तरी फोन नंबर असलेली.

पहिल्या बाजूचं 'सो व्हॉट' लावलं. ती चाचपडणारी सुरुवात, मग पॉल चेंबर्सची बासवरची ओळ, मग ड्रमवरच्या जिमी कॉबच्या झांजेचा तो मोठा आघात, आणि त्याला लागून 'टक्'. ती टक् तुझी आहे, बंड्या. सोलो बसवताना सुई उचलून उचलून तू त्याच जागी टेकवायचास. माइल्सची दोन आवर्तनं, चौसष्ट बार, आणि त्यापायी माझ्या रेकॉर्डला कायमचा व्रण. पोरीला वाटलं ती टक् मुळातच आहे. मी काही बोललो नाही.

मग ती सोबत वाजवायला लागली. सोलो तिला पाठ होता. हल्ली सगळे तिथूनच सुरू करतात म्हणे. चार बार वाजवून थांबली. सूर वर घ्यायला ट्यूनिंगची स्लाइड आत ढकलली. परत चार बार. परत थांबली, माझ्याकडे वळली आणि अगदी सहज म्हणाली, "काका, तुमची रेकॉर्ड चढी आहे, सूर वर जातोय."

मी खुर्चीत बसलो.

१९८६ साली तू नेमकं हेच म्हणाला होतास. माझ्या माडीवर, मास्तर होते, लंबू होता, ते दोघे जुळे होते, आणि मी होतो, दुर्दैवाने तोंडासकट. तू स्लाइड पार आत ढकललेली, तरी तुझा सूर रेकॉर्डच्या खालीच राहत होता. तू म्हणालास, रेकॉर्ड चढी आहे. मी म्हणालो, वाद्य थंड असलं की उतरतं, आधी दहा मिनिटं फुंकर मार. तू नादकाटा आणलास, तर मी म्हणालो, टर्नटेबलचा पट्टा तपासला पाहिजे. मग तू म्हणालास, दुसरी बाजू लावा, दुसरी बाजू बरोबर जुळते. आणि मी, हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात, मी म्हणालो, "वा! म्हणजे आता एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या! कोलंबिया कंपनी चुकली, माइल्स चुकला, बंडोपंत तेवढे सुरात." सगळे हसले. मास्तरसुद्धा हसले, आणि ते मला जास्त लागतं, कारण मास्तरांचा कान असा होता की त्यांनी उठून दुसरी बाजू लावली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्या दिवशी विनोद माझा चांगला झाला होता.

आणि दोन बाजूंना दोन पट्ट्याच होत्या.

२ मार्च १९५९ ला, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या त्या जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत, पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा ध्वनिमुद्रित झाल्या. त्या दिवशी मुख्य टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळंच जरा पळतं आणि जरा चढतं. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तेव्हा यंत्र ठीक होतं. म्हणजे तुझी स्लाइड पहिल्या बाजूला आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर, हे जे आम्हाला थोतांड वाटलं, ते त्या चुकीचं बिनचूक मोजमाप होतं! खबरदारी म्हणून दुसऱ्या यंत्रावरही टेप भरत होते आणि ते यंत्र बरोबर होतं. त्या टेपेवरून १९९२ मध्ये पहिल्यांदा नीट आवृत्ती निघाली. तेहतीस वर्षं जगभर चढी बाजू विकली गेली, लोकांनी तिच्यावरून सोलो बसवले आणि आपापल्या वाद्यांना दोष दिला. त्यातला एक आमच्या ओळखीचा.

आता खरं दुखणं. हे मला आज कळलं नाही. नवी सीडी मी १९९८ मध्ये घेतली आणि त्यातली पुस्तिका उभ्याउभ्याच वाचली. तो परिच्छेद दोनदा वाचला. मग पुस्तिका मिटून खोक्यात घातली आणि तुला काही कळवलं नाही. स्वतःला म्हणालो, ट्रम्पेट विकूनही त्याला अकरा वर्षं झाली, आता कशाला जुनं उकरायचं. पुढे म्हणालो, त्याने कुठेतरी वाचलंच असेल. वाचलं असशील तर तूही गप्प बसलास, आणि मग तू माझ्याहून मोठा माणूस, हे मला आणखीच झेपत नाही. २०२० च्या मे महिन्यात जिमी कॉब गेला, त्या दोन दिवसांच्या ध्वनिमुद्रणातला शेवटचा उरलेला माणूस, तेव्हा तुला पत्र लिहायला घेतलं होतं. अर्धं पान झांजेवर लिहिलं आणि मुद्दा आला तिथे फाडून टाकलं.

तर विचारतो, आणि खरं उत्तर दे. तू वाजवणं माझ्यामुळे सोडलंस का?

तू म्हणायचास नोकरी लागली, वेळ नाही, शेजारी कटकट करतात. नोकरी आम्हा सगळ्यांनाच लागली होती रे. लंबू बदलीच्या गावी गिटार नेत होता. तू त्या दिवसानंतर माझ्यासमोर एकदाही वाजवलं नाहीस, आणि पुढच्या वर्षी वाद्यच गेलं. मी हिशोब घालतो आणि दर वेळी तोच येतो. मग स्वतःला बजावतो, एका टोमण्याने जो सोडतो त्याने पुढेमागे सोडलंच असतं. पण हेही पटत नाही, कारण तो नुसता टोमणा नव्हता. तुझा कान खोटा आहे असं मी सांगितलं आणि तू ते खरं मानलंस. मी त्या खोलीतला रेकॉर्डवाला ना! रेकॉर्ड चुकणार नाही, माणूस चुकेल, ही माझी तेव्हाची श्रद्धा.

तुझी अर्थात उलटी. तुला रेकॉर्ड म्हणजे पेंढा भरलेला वाघ. समोर बसून ऐकलं तरच जॅझ, बाकी सगळं इतिहास. किती भांडलो आपण त्यावरून! तुझा हुकमाचा एक्का बर्लिन, १९६०: एला फिट्झजेराल्ड भर कार्यक्रमात गाण्याचे शब्द विसरते आणि तिथल्या तिथे नवे रचून गात सुटते. आणि मी दर वेळी विचारायचो, बंड्या, ते तू कुठे ऐकलंस? रेकॉर्डवरच ना? त्यावर तू उशी फेकायचास.

माझा एक्का न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, १९५६. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, त्यातल्या पॉल गोन्साल्विसची सॅक्सोफोनवर सलग सत्तावीस आवर्तनं, वेडा झालेला जमाव. मी म्हणायचो, बघ, अख्खी रात्र रेकॉर्डमध्ये जशीच्या तशी आहे. हाही एक्का गळाला बरं का. गोन्साल्विस कोलंबियाच्या माइकसमोर उभाच नव्हता, शेजारच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओच्या माइकमध्ये वाजवत होता. म्हणून जुन्या रेकॉर्डवर तो लांबून आल्यासारखा वाटतो. आणि त्या रेकॉर्डवरचं बरंच काही नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चिकटवून केलेलं. १९९९ मध्ये दोन्ही टेपा जुळवून खरी रात्र बाहेर आली. मी ज्या टाळ्यांवर अंगावर काटा आणून घेत होतो त्यातल्या काही तरी कपाटातून काढलेल्या होत्या! हे तुला कळवायला मला जड गेलं नाही, आठवतं? लगेच फोन केला होता. तिथे माझी फजिती होती. 'सो व्हॉट'मध्ये तुझा न्याय होता, तो मात्र दाबून ठेवला.

आणखी एक सांगतो, यावर तू चिडशील. नीट केलेली आवृत्ती मला आवडत नाही. सव्वीस वर्षं प्रयत्न केला. सगळं जागेवर आहे, सूर खरा आहे, आणि मला वाटतं माइल्स जरा आळसावलाय. चढ्या बाजूत एक चकाकी आहे. ती यंत्राची चूक आहे हे मला ठाऊक आहे, पण मी वीस-बावीस वर्षांचा असताना ती चूकच माइल्स होती. म्हणजे बघ, तुझा कान खरा ठरला आणि मी अजूनही त्या खोट्या सुराच्याच बाजूला बसलोय. माफी मागणाऱ्याने हे लिहू नये. पण तुला नाही तर कुणाला लिहू?

पोरीने मात्र बघ काय केलं. रेकॉर्ड चढी म्हणाली, खांदे उडवले आणि विचारलं, "दुसरी बाजू आहे का?" मी उलटली. 'ऑल ब्लूज'. तिने स्लाइड होती तिथे ओढली आणि मजेत वाजवत बसली. एवढंच करायचं होतं त्या दिवशी, कुणीतरी.

पियानोवाला टॉमी फ्लॅनगन आठवतो? 'जायंट स्टेप्स', १९५९, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन सुसाट सुटलेला आणि हा आपल्या सोलोत अडखळतो, मग नुसते तुटक स्वरगुच्छ टाकत वेळ मारून नेतो. तू म्हणायचास, हाच त्या रेकॉर्डवरचा एकमेव प्रामाणिक माणूस. १९८२ मध्ये त्याने स्वतःच्या त्रिकुटाबरोबर तीच चीज परत ध्वनिमुद्रित केली आणि अशी काय वाजवली! मध्ये तेवीस वर्षं. तुझा हिशोब मी मांडत नाही, मार खाईन.

बाकी तुझं घर लागलं का? वहिनींचा डोळा आता कसा आहे? चिरंजीवांची परीक्षा झाली असेल. लंबूचा फोन येतो का? माझ्याशी बोलत नाही, कारण तुला माहीत आहे. मास्तरांच्या रेकॉर्ड त्यांच्या मुलाने काढून टाकल्या असं ऐकलं, नीट कळलं तर कळव. निवृत्तीचे कागद झाले नसतील तर मागे लाग, आपोआप काही होत नाही.

पोरगी दर रविवारी येणार म्हणते. तिला मी सांगितलं की ती टक् माझ्या एका मित्राची आहे. म्हणाली, ते वाजवतात का? मी म्हटलं, विचारून सांगतो.

तुझा,
बाप्या

ता. क. नादकाटा माझ्याकडेच आहे. त्या दिवशी तू विसरून गेलास, दुसऱ्या दिवशी मागायला आलास, आणि मी म्हणालो इथे नाही. टर्नटेबलच्या खालच्या खणात होता.