फोनवर कसली सेवा?

परळ, मुंबई
जुलै २०२०

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, ‘दुखणाईताला हात न लावता फोनवर कसली गं सेवा करता?’ असं तुम्ही विचारलंत. तेव्हा ड्युटीवर होते, म्हणून आता लिहिते.

मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि आमच्या पॅलिएटिव्हच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, घरभेटी थांबल्या. कॅन्सरने खंगलेल्या माणसाच्या घरात आपणच कोरोना नेला तर, ही धास्तीही होतीच. २५ मार्चला केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार देण्याची, नियमावली आली आणि व्हिडिओ कॉल सुरू झाले.

काल धारावीतल्या एका मुलीला आईच्या तोंडात टॉर्च मारायला सांगितलं. जिभेवर पांढरा थर होता. बुरशीमुळे घास गिळवत नव्हता, आणि घरचे समजत होते की आजारी आईने जेवणच सोडलं. नडगीवर अंगठा दाबून धर म्हटलं, तर खळगा तसाच राहिला, म्हणजे पायाला सूज होती. जखमेला वास येत होता. डॉक्टरांनी वास कमी करायला मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाची गोळी कुटून जखमेवर भुरभुरायला सांगितली. ती कशी लावायची ते मी कॅमेऱ्यातून दाखवलं. त्या पोरीचा हात जराही कापला नाही, आई!

मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचं, मात्र अवघड आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं फोनवर लिहून द्यायला मनाई आहे. दर चार तासांनी घ्यायची गोळी ती. पाकीट संपत आलं की घरच्यांचा आवाजच बदलतो. कुणालातरी कागद घेऊन इथवर यावंच लागतं. वेदनेने तळमळणाऱ्यांसाठी हा नियम बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि दहा बाय दहाच्या खोलीत पेशंटसमोर मुलगा काय विचारणार? तो गॅलरीत जाऊन कुजबुजतो, ‘सिस्टर, किती दिवस?’ त्यांच्या घरी असते तर नुसती शेजारी बसले असते. फोनवर गप्प राहिलं की त्याला वाटतं, कॉल कटला. म्हणून मध्येमध्ये म्हणत राहते, ‘मी आहे, ऐकतेय. रडा तुम्ही.’

तेव्हा बाबा, गर्दीत दवाखान्यात जायचा हट्ट सोडा आणि डॉक्टरांशी व्हिडिओवर बोला. उजेडाकडे तोंड करून बसा, गोळ्यांची पाकिटं हाताशी ठेवा. आई, तू शेजारीच बस. जिना चढताना दम लागतो हे बाबा सांगायचे नाहीत, तू सांग.

तुमची,
ताई