मराठी मजकूर मराठी म्हणूनच साठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून ‘मराठी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर परिसंवादांची आणि लेखांची रेलचेल आहे. यंत्राला चांगली मराठी यावी, शेतकऱ्याला फोनवर मराठीत नेमका सल्ला मिळावा, ही इच्छा रास्तच आहे. पण त्याआधीचे एक काम पडून आहे. ते कारकुनी वाटते म्हणून त्याला व्यासपीठ मिळत नाही. गेल्या तीसेक वर्षांत संगणकावर जुळवलेला आपला बराचसा मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नाहीच.

कृतिदेव फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये जातात ती इंग्रजीची पाच अक्षरे: ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फाँट त्या अक्षरांच्या जागी म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटीचे ठसे दाखवतो, म्हणून आपल्याला मराठी दिसते. फाँट काढून घेतला की उरतो तो इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पुंजका. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, शिवाजी या घराण्यांतल्या जुन्या फाँटांची रीत हीच होती. फक्त कोणत्या ठशाला कोणता क्रमांक, हे प्रत्येकाचे वेगळे. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. पानांची मांडणी पेजमेकर या प्रोग्राममध्ये होत असे आणि पेजमेकरला युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारे जागतिक मानक) देवनागरी कधीच आली नाही. छपाईपुरते सगळे ठीक चालले. पण आज त्या फाइलवरून केलेली पीडीएफ संकेतस्थळावर टाकली की तिच्यात ‘पाणीपुरवठा’ शोधून सापडत नाही. अंध वाचकाचा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, ती उघडतो तेव्हा त्याला इंग्रजी अक्षरांची अर्थशून्य बडबड ऐकू येते. एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीनरीडर युनिकोड मराठी वाचू शकतो, त्यामुळे इथे अडचण यंत्राची नाही, मजकुराची आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ (सोळाच्या पायावरच्या क्रमांकांत) अशा १२८ जागा आहेत. ही मांडणी भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या मानकावरून घेतलेली आहे आणि १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. विंडोज २००० पासून सर्वसाधारण संगणकावर ती वापरता येते. तरीही जुन्या फाँटांवर काम चालू राहिले, कारण टायपिंगची सवय, छापखान्याची सोय आणि ‘दिसतंय ना बरोबर?’ हा एकच निकष. मराठीतले ‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांतला हा फरक कार्यालयांतल्या आणि प्रकाशनसंस्थांतल्या माणसांना कुणी समजावूनच सांगितला नाही, आणि त्याची किंमत भाषा मोजते आहे.

‘आम्ही सगळे युनिकोडमध्ये बदलून घेतले’ असे सांगणाऱ्यांनीही आपला मजकूर एकदा बारकाईने वाचावा. बातम्यांच्या संकेतस्थळांवर ‘वषार्चा’, ‘मागर्’, ‘सि्थती’, ‘निशि्चत’ असे शब्द वर्षानुवर्षे दिसत आले आहेत. या टायपिंगच्या चुका नव्हेत. जुन्या फाँटमध्ये ठसे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात. ‘मार्ग’मध्ये म, काना, ग आणि शेवटी वरचा रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: म, काना, र, पाय मोडण्याची खूण, ग. म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने रफार उचलून एक व्यंजन मागे न्यायला हवा. ‘वर्षाचा’मध्ये तर मधला काना ओलांडून ष च्या मागे न्यायला हवा. हे न करता रफार जागच्या जागी बदलला की ‘वषार्चा’ तयार होते. ऱ्हस्व वेलांटीचे याच्या उलट. ती जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी असते आणि तिला पुढे, सबंध जोडाक्षर संपल्यावर बसवावे लागते. घाईत लिहिलेला प्रोग्राम तिला पहिल्या अर्ध्या अक्षरापाशीच सोडतो आणि ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होते.

आणखी दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. काही फाँटांत रफार आणि अनुस्वार मिळून एकच ठसा असतो. ‘कार्यकर्त्यांनी’सारख्या शब्दात तो वेगळा ओळखला नाही, तर अनुस्वार गळतो किंवा भलत्या अक्षरावर बसतो. दुसरे म्हणजे मराठी मजकुरातले खरे इंग्रजी शब्द. फाइलमधला सगळा मजकूर सरसकट प्रोग्राममध्ये ओतला, तर इंग्रजी नावांचे, ईमेल पत्त्यांचे कडबोळे होते. म्हणून रूपांतर मूळ दस्तऐवजातच करावे आणि ज्या तुकड्याला जुना मराठी फाँट लावलेला आहे तेवढाच बदलावा. कॉपी करून चौकटीत चिकटवताना फाँटची माहिती हरवते आणि कुठला तुकडा मराठी, कुठला इंग्रजी, हे कळायचा मार्गच उरत नाही.

रूपांतराचे कंत्राट देणाऱ्याने बिल मंजूर करण्याआधी एवढे शब्द तपासून घ्यावेत: वर्षाचा, मार्ग, स्थिती, निश्चित, कार्यकर्त्यांनी, शेतकऱ्यांना, वऱ्हाड, हृदय, कृष्ण, ज्ञानेश्वर, ट्रॅक्टर, ॲप, ऑफिस. हे तेरा शब्द बरोबर आले, तर बाकीचा मजकूर बहुधा बरोबर असतो. यांतला एक जरी बिघडला, तरी तोच बिघाड पुस्तकभर पसरलेला असणार.

यादीतला ‘शेतकऱ्यांना’ मुद्दाम घेतला आहे, कारण तो अस्सल युनिकोडमध्येही दोन प्रकारे लिहिला जातो. पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र मराठीचा खास आहे. तो लिहिण्याची एक रीत म्हणजे ०९३१ या जागेवरचा ऱ (खाली टिंब असलेला), मग पाय मोडण्याची खूण, मग य. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट-जे, डी आणि तिरक्या रेघेची कळ दाबली की हे येते. दुसरी रीत म्हणजे साधा र, पाय मोडण्याची खूण, त्यापुढे २००डी क्रमांकाचा अदृश्य सांधणारा वर्ण आणि मग य. कागदावर दोन्हींत तसूभरही फरक दिसत नाही. संगणकाला मात्र हे दोन निराळे शब्द वाटतात आणि युनिकोडचे ठरलेले प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. म्हणून एका पद्धतीने ‘शेतकऱ्यांना’ शोधले, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या बातम्या हाती लागतीलच असे नाही. वऱ्हाड, कऱ्हाड, चऱ्होली ही गावा-प्रदेशांची नावे आणि गोऱ्हे हे आडनाव यांचेही तेच. अभिलेखात नोंद असते, नाव अचूक असते, तरी शोध कोरा येतो.

यांतली पहिली रीत सर्वांनी स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अदृश्य वर्ण फार नाजूक असतो. अनेक प्रोग्राम ‘कचरा साफ’ करताना तो काढून टाकतात आणि ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होते. तो रफार मराठीत चूक आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ही चूक सांगावी लागत नाही. पहिल्या रीतीलाही एक धोका आहे. ऱ हा तांत्रिकदृष्ट्या र अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा फोडता येतो. हिंदीसाठी लिहिलेले काही प्रोग्राम नुक्ते पुसतात आणि मग परिणाम तोच, ‘शेतकर्यांना’. मराठी मजकूर हिंदीच्या चाळणीतून गाळायचा नाही, हे भाषातंत्रज्ञानात काम करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावे.

‘ॲ’ची गोष्ट याहून विचित्र आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा दिली. युनिकोडमध्ये ॲ ला ०९७२ ही स्वतंत्र जागा त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, मिळाली होती. तोवर लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र चढवत किंवा ए वर अर्धचंद्र असलेला ऍ वापरत. त्यामुळे ‘ॲप’ आज तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. अ वर वेगळा अर्धचंद्र दिला, तर काही फोनवर मधोमध ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, कारण अक्षरे जुळवणारी प्रणाली ती जोडी अवैध मानते. ‘ऑफिस’मध्येही आ वर अर्धचंद्र चढवून हाच घोटाळा होतो. एका शब्दाची तीन रूपे असतील, तर त्या मजकुरावर शिकणारे यंत्र त्यांना तीन शब्द धरते आणि प्रत्येकाचा अनुभव त्याच्या वाट्याला तिसऱ्या हिश्शाने येतो. इंग्रजीच्या तुलनेत आधीच तुटपुंजा असलेला आपला मजकूर आपणच असा वाटून टाकतो.

या बाबतीत खरी जाण दाखवली ती ऑनलाइन जमलेल्या हौशी मंडळींनी. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर स्वयंसेवक दोन रूपांच्या शीर्षकांना पुनर्निर्देशनाने जोडत बसतात. एखाद्याने पापणीचा र कसाही लिहिला, तरी वाचक योग्य पानावर पोहोचावा, एवढ्यासाठी. मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये महाजालावर आहे. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येईल असा ठेवला आहे. या कामांचा उपयोग रोज असंख्य लोक करतात. विकिपीडियाचे स्वयंसेवक ज्या चुका एकेक करून निस्तरतात, त्या मुळातच होऊ न देणे संस्थांना सहज शक्य आहे.

पीडीएफबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या हेतूची माणसेही फसतात. मजकूर युनिकोडमध्ये असूनही पीडीएफमध्ये तो बिघडू शकतो. पीडीएफमध्ये ठसे साठवले जातात आणि कोणता ठसा म्हणजे कोणती अक्षरे, याचा तक्ता सोबत नीट गेला नाही, तर कॉपी करताना जोडाक्षरे गळतात, वेलांट्या उड्या मारतात. वर्डमधून ‘प्रिंट’ करून पीडीएफ बनवू नये. ‘सेव्ह ॲज’ने बनवावी आणि त्यातल्या पर्यायांत सुलभतेसाठीच्या रचना-खुणांची चौकट टिकवावी. इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ परिच्छेद-जुळणी निवडली नाही, तर वेलांटी आणि जोडाक्षरे पानावरच चुकतात. शेवटी फाइल उघडून एक परिच्छेद कॉपी करावा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून वाचावा. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती चुकली, तर पीडीएफ प्रसिद्ध करू नये. त्याहून उत्तम म्हणजे पीडीएफसोबत मूळ मजकूर साध्या वेबपानावर द्यावा आणि त्या पानाच्या संकेतात भाषा मराठी असल्याची खूण करावी. ही खूण असेल, तर ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, ते आपोआप ती वळणे दाखवतात. नसेल, तर हिंदी वळणाचा ल दिसतो आणि आपण फाँटला दोष देतो.

कागदावरून स्कॅन करायचे असेल, तर ३०० डीपीआयपेक्षा (इंचाला ३०० ठिपके) कमी नको. ए-४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्राम चित्रातली मराठी अक्षरे ओळखतो, पण घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत तो गोंधळतो, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईत शिरोरेघ तुटली असेल किंवा अनुस्वार पुसट झाला असेल, तर आणखीच. स्कॅनवरून काढलेला मजकूर माणसाने वाचल्याशिवाय तो खरा मानता येत नाही, आणि त्या वाचनाला वेळ व मोबदला लागतो. संस्थांच्या अंदाजपत्रकात स्कॅनिंगची तरतूद असते, मुद्रितशोधनाची नसते.

म्हणूनच संपादक महाशय, आपल्या आणि इतर वृत्तपत्रांच्या, प्रकाशकांच्या, नियतकालिकांच्या कचेऱ्यांना कळकळीची विनंती. जुन्या संगणकांवर, सीडींवर, कपाटातल्या हार्ड डिस्कवर नव्वदच्या दशकापासूनच्या पेजमेकर आणि क्वार्क या पानमांडणीच्या प्रोग्रामांच्या फाइली असतील, तर त्या पुसू नका. त्या फाइलींतला प्रत्येक ठसा निश्चित आहे; योग्य तक्ता मिळाला की त्यांतून जवळजवळ निर्दोष युनिकोड निघते. त्याच अंकाच्या पिवळ्या पडलेल्या कागदावरून तेवढी अचूकता कधीच मिळणार नाही. फाइलींबरोबर त्या काळात वापरलेली फाँटची फाइलही, नेमक्या आवृत्तीसह, जपून ठेवा, कारण एकाच नावाच्या फाँटच्या दोन आवृत्त्यांत ठशांचे क्रमांक बदललेले असू शकतात. सीडीचा थर खराब होण्याआधी तिची प्रत दोन वेगवेगळ्या डिस्कवर करा आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एका साध्या फाइलीत वर्ष, प्रोग्राम आणि फाँटचे नाव लिहून ठेवा.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे