शेवटची नव्वद सेकंदे कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रव्यवहारात एका पालकांचे पत्र आले होते. शब्दही कळत नाहीत अशा जपानी कार्टूनच्या गाण्यांवर आपली मुलगी डोळे पुसते, हे त्यांना काळजीचे वाटते. मी सांगलीत पेटी आणि सुगम गायन शिकवते. माझ्याकडे येणारी मुलेही हीच गाणी मोबाइलवर लावतात आणि "बाई, हे पेटीवर बसवून द्या ना" म्हणून मागे लागतात. त्या पालकांच्या काळजीमागची माया मला कळते, पण त्यांचे निदान पटत नाही. त्या मुलीला रडू येते ते गाणे चांगले आहे म्हणून आणि ते नेमक्या जागी येते म्हणून. खरी काळजी वेगळीच आहे. ही गाणी आपल्याकडे धड पूर्ण ऐकूच दिली जात नाहीत.

मुलांनी मला पहिल्यांदा ऐकवले ते 'आनोहाना' या मालिकेचे समाप्तीगीत. मालिका २०११ची, अवघ्या ११ भागांची. टोकियोजवळच्या सैतामा प्रांतातल्या चिचिबु गावात ती घडते. सहा बालमित्रांपैकी मेन्मा नावाची मुलगी लहानपणीच अपघातात जाते. उरलेले पाच जण एकमेकांना टाळत मोठे होतात. त्यातला जिंता शाळा सोडून घरात बसतो, आणि एका उन्हाळ्यात मेन्मा त्याला दिसू लागते. माझी एक इच्छा पूर्ण करा, एवढेच तिचे मागणे.

प्रत्येक भागाच्या शेवटी पात्रे बोलत असतानाच खालून गाण्याचे सूर सुरू होतात. संवाद संपतो आणि त्याच श्वासात गाणे वर येते. आम्हा सांगलीकरांना हे नवे वाटू नये. गद्य जिथे अपुरे पडते तिथे पद सुरू होते, हे संगीत नाटकाने आपल्या तीन-चार पिढ्यांना शिकवले आहे.

हे गाणे मुळात मालिकेसाठी लिहिलेले नाही. साप्पोरोच्या 'झोन' या मुलींच्या बँडने ते २००१च्या ऑगस्टमध्ये काढले. उन्हाळा संपताना दुरावणाऱ्या दोन मित्रांचे ते गाणे आहे. दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटू, असा विश्वास त्यात आहे. बरोबर दहा वर्षांनी मालिकेने ते घेतले. २००५ मध्ये बंद झालेल्या त्या बँडच्या काही जणीही २०११ मध्ये पुन्हा एकत्र आल्या. मालिकेतले गाणे मात्र बँडच्या आवाजात नाही. मालिकेतल्या तीन मुलींना ज्यांनी आवाज दिला, त्या आई कायानो, हारुका तोमात्सु आणि साओरी हायामी यांनीच ते गायले आहे. कायानो म्हणजे मेन्माचा आवाज. म्हणजे पुन्हा भेटू असे म्हणणाऱ्या स्वरांत गेलेल्या मुलीचाही स्वर आहे. शेवटच्या भागात पहाटेच्या रानात ते पाच जण लपाछपीतल्या गड्याला हाका माराव्यात तसे तिला शोधतात, तेव्हा हेच गाणे येते. दहा भाग ते आपण शेवटच्या पाट्यांवर ऐकलेले असते, आता ते कथेच्या आत शिरते. तिथे ज्या मुलीचे डोळे भरून येतात, तिला कथा नीट कळली आहे, असे मी तिच्या वडिलांना सांगेन.

आता तक्रारीकडे येते. जपानी मालिकेचा भाग साधारण २४ मिनिटांचा, त्यात सुरुवातीचे आणि शेवटचे गाणे सुमारे दीड-दीड मिनिटाचे. मूळ गाणे तीन-चार मिनिटांचे असते, टीव्हीसाठी दीड मिनिटात बसेल अशी त्याची बांधणी करतात. संगीतकाराने इतक्या कसोशीने बसवलेले ते दीड मिनिट आपल्याकडचे ओटीटी सरळ फेकून देते. सुरुवातीला 'गाणे वगळा'चे बटण, शेवटी पडदा आक्रसून कोपऱ्यात जातो आणि पुढचा भाग आपोआप सुरू होतो. मुलाने रिमोट शोधेपर्यंत गाणे गेलेले असते. मुलांच्या वाहिन्यांवर तर शेवटचे गाणे कित्येकदा दाखवतच नाहीत, त्या जागी जाहिरात येते.

यात नुकसान किती होते, ते 'डिमन स्लेयर' या जपानी मालिकेच्या १९व्या भागात पाहावे. हा भाग २०१९च्या ऑगस्टमध्ये जपानमध्ये दाखवला गेला. तांजिरो आणि त्याची बहीण नेझुको यांची लढाई ऐन भरात असताना गाणे सुरू होते. नेहमीचे समाप्तीगीत त्या दिवशी नाहीच. गो शीना यांनी स्वरबद्ध केलेले आणि नामी नाकागावा यांनी गायलेले हे नवे गाणे लढाई पार करून तसेच पुढे जाते आणि त्याच्यावरच श्रेयनामावली सरकते. तिथे पडदा आक्रसला तर प्रसंग अर्ध्यात तुटतो. 'काउबॉय बीबॉप' या दुसऱ्या जपानी मालिकेच्या २६व्या म्हणजे शेवटच्या भागातही रोजचे गाणे बदलून माई यामाने यांचे 'ब्लू' येते, आणि प्रेक्षकासाठी लिहिलेली शेवटची ओळ त्या गाण्यानंतर उमटते. ती ओळ न वाचता मालिका संपवलेले किती जण असतील!

चित्रपटांचीही हीच गत. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला २००२ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचे गोल्डन बेअर मिळाले, पुढच्या वर्षी ऑस्कर. त्याच्या शेवटी योमी किमुरा स्वतः लायर हे छोटे तंतुवाद्य छेडत गातात, गीत वाकाको काकू यांचे. हे गाणे आधी मियाझाकींच्या दुसऱ्याच एका चित्रपटाच्या विचारातून जन्मले. तो चित्रपट झाला नाही, गाणे मात्र राहिले. तीन मात्रांचा संथ झोका, एक आवाज, एक वाद्य, बस्स. गाजावाजा काहीच नाही. दुःखे मोजता येणार नाहीत इतकी असली तरी त्यांच्या पलीकडे भेट होईलच, अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. भुताखेतांच्या जगातून आईवडिलांना सोडवून आणणारी दहा वर्षांची चिहिरो आपण नुकतीच पाहिलेली असते. ते शब्द कळले तर गाण्याची खोली दुप्पट होते, पण संवादांच्या खाली उपशीर्षके देणारे बरेचदा गाण्याखाली काहीच देत नाहीत. गीतांच्या शब्दांचे हक्क अनेकदा वेगळ्या हातांत असतात आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागते, हे मला माहीत आहे. पण सदस्यत्वाचे पैसे आपण पूर्ण भागाचे भरतो.

भाषा कळत नाही तर भावना कशी पोचते, असेही त्या पत्रात विचारले आहे. त्याचे थोडे उत्तर सुरांत आहे. मध्यम आणि निषाद वगळून सा, रे, ग, प, ध एवढ्यावरच बांधलेली असंख्य गाणी जपानमध्ये आहेत. आपल्या कानाला हा सरळ भूप राग. कोतो आणि शामिसेन या वाद्यांच्या जुन्या रचनांत सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल धैवत असा स्वरसमूह भेटतो. गुणक्री राग शिकलेल्या विद्यार्थ्याला तो ओळखीचा वाटणारच. रागाचे चलन अर्थातच तिथे नाही, आणि आजची अॅनिमेशनची गाणी पाश्चात्त्य स्वरमेळावर उभी आहेत. तरी चाल मध्येच त्या जुन्या वाटेने वळते, तेव्हा माझे विद्यार्थी मान डोलावतात. ते मी रोज पाहते.

शीर्षकगीताची ताकद आपल्याला तरी नव्याने का सांगावी लागावी? नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली पाहिलेल्या पिढीला त्याच्या गोष्टी आठवोत न आठवोत, गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाजांनी चाल दिलेले हिंदी गाणे तोंडपाठ आहे. ती मालिकाही जपानमध्येच तयार झाली होती. 'आभाळमाया', 'वादळवाट' यांची शीर्षकगीते तर घराघरांत म्हटली जायची. आता मराठी मालिकांतही शीर्षकगीत काही सेकंदांवर आले आहे, याचे मला फार वाईट वाटते.

ओटीटी कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. पुढचा भाग आपोआप सुरू होणे मुळात बंद ठेवा, ज्याला हवे तो सुरू करील. गाण्यांखालीही उपशीर्षके द्या, हिंदीबरोबर मराठीतही. आणि त्या पालकांना विनंती, की 'आनोहाना'चा शेवटचा भाग लेकीशेजारी बसून पाहा आणि गाणे संपेपर्यंत रिमोटला हात लावू नका.

एक विनंती आपल्यालाही आहे. पुण्यात जपानी शिकण्या-शिकवण्याची परंपरा जुनी आहे, उत्तम भाषांतर करणारी मंडळी तिथे आहेत. त्यांच्याकडून अशा गाण्यांचा मराठी भावार्थ करून घेऊन, रीतसर परवानगीने, रविवारच्या पुरवणीत आठवड्याला एक छापता येईल का? पेटीवर चाल बसवून द्यायचे काम माझ्याकडे राहिले.

आपली विश्वासू,
एक संगीत शिक्षिका, सांगली