७५ मिनिटांचा सॉफ्टबॉल: वेळेचा नियम आधी लिहून द्या

महोदय,

शालेय सॉफ्टबॉल स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की एकाच मैदानावर दिवसभरात आठ-दहा सामने उरकावे लागतात. सात डावांचे (एका डावात दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन आउट झाले की पाळी बदलते) पूर्ण सामने खेळवायला तेवढा दिवसच नसतो, म्हणून आयोजक ६०, ७५ किंवा ९० मिनिटांची मर्यादा घालतात. मर्यादेला आमचा विरोध नाही. अंधारून आल्यावर १४ वर्षांखालील मुलींना वेगवान पिचिंगसमोर (बॅटरकडे टाकलेल्या चेंडूंसमोर) उभे करण्यापेक्षा ती केव्हाही बरी. आमचे म्हणणे वेगळे आहे. ही मर्यादा नेमकी कशी लागू होणार हे लेखी न देता नाणेफेकीच्या वेळी घाईघाईत तोंडी सांगितले, की शेवटच्या दहा मिनिटांत सामना मुलींच्या हातून निसटून घड्याळाकडे डोळे लावलेल्या प्रशिक्षकांच्या हाती जातो.

‘वेळ संपली’ या दोन शब्दांचे दोन अगदी निराळे अर्थ होतात. पहिला, ७५ मिनिटांनंतर नवा डाव सुरू करायचा नाही, पण चालू डाव पुरा करायचा. दुसरा, शिट्टी वाजली की खेळ जागच्या जागी थांबवायचा आणि शेवटच्या पूर्ण झालेल्या डावाची धावसंख्या धरायची. हा दुसरा प्रकार लहान वयोगटात अजिबात वापरू नये. समजा, चौथा डाव संपला तेव्हा नंतर बॅटिंग करणारा संघ ५–४ ने पुढे आहे. पाचव्या डावात आधी बॅटिंग करणाऱ्या पाहुण्या संघाने तीन धावा काढल्या, ७–५ झाले आणि घड्याळात सहा मिनिटे उरली. आता यजमान संघाने काही न करता नुसता वेळ काढला तरी डाव अपुरा राहतो, त्या तिन्ही धावा पुसल्या जातात आणि निकाल पुन्हा ५–४ लागतो. तीन मुलींनी पळून काढलेल्या धावा स्कोअरबुकातून खोडायच्या, यात खेळ तो कुठे राहिला?

पहिला प्रकार पुष्कळ बरा, पण त्यातही एक फट आहे. नवा डाव नेमका केव्हा सुरू झाला असे मानायचे? आधीच्या डावातला तिसरा आउट झाला त्याच क्षणी, हे याचे सर्वांत स्वच्छ उत्तर. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, तिच्या सर्कलमध्ये पोचली तेव्हा किंवा पंचाने ‘प्ले’ म्हटले तेव्हा, असे धरले तर संघ डगआउटमध्येच, म्हणजे बाकांच्या जागेतच, रेंगाळतात. घड्याळ केव्हा सुरू करायचे, नाणेफेक झाल्यावर की पहिल्या पिचला, हेही ठरलेले हवे. घड्याळ एकच असावे, ते गुणलेखकाच्या टेबलावर असावे आणि प्रत्येक तिसऱ्या आउटची वेळ स्कोअरबुकात लिहिली जावी. दोन प्रशिक्षकांच्या दोन मोबाइलांवर दोन वेळा दिसल्या, की वाद आलाच.

वेळ जातो कुठे, हे प्रशिक्षकांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. या वयोगटात एका संघाच्या बॅटिंगला साधारण ७ मिनिटे धरली, तर चार डावांच्या आठ पाळ्यांना ५६ मिनिटे लागतात. मधल्या सात बदलांना प्रत्येकी ३ मिनिटे दिली की आणखी २१. एकूण ७७ मिनिटे, म्हणजे पाचवा डाव सुरूच होत नाही. तेच बदल दीड मिनिटात केले तर चौथा डाव ६७व्या मिनिटाच्या आत संपतो आणि मुलींना अख्खा पाचवा डाव मिळतो. त्यासाठी कोणाला जास्त वेगाने पळायची गरज नाही; लागते ती फक्त शिस्त. ग्लोव्ह्ज आधीच ओळीने मांडलेले असावेत, पुढच्या तीन बॅटरची नावे तिसरा आउट व्हायच्या आधी सांगून झालेली असावीत आणि पिचरने एका मिनिटात वॉर्म-अप आटोपावा.

सगळ्यात जास्त वेळ कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) खाते, आणि त्यात तिचा दोष नसतो. आपल्या संघाच्या बॅटिंगमध्ये ती बेसवर (धावपटूच्या थांब्यावर) अडकलेली असते, तिसरा आउट होतो, मग ती धावत येऊन एकटीच लेग गार्ड, चेस्ट गार्ड आणि मास्क चढवते. लेग गार्डचे हुक पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवेत. घाईत डाव्या पायाचा गार्ड उजव्या पायाला लागला की हुक आतल्या बाजूला येतात, पळताना एकमेकांत अडकतात आणि मुलगी तोंडावर पडते. म्हणून एका पायाला एक अशा दोन राखीव मुली ठरवून ठेवाव्यात. त्यांनी गार्ड उघडून, डावा-उजवा वेगळा करून हातात धरायचे. शिवाय दोन आउट झाल्यावर कॅचर बेसवर असेल तर तिच्या जागी तात्पुरती धावपटू देण्याची सोय आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. आपल्या स्पर्धेत ती लागू असेल तर प्रत्येक वेळी वापरावी.

सात डावांत २१ आउट मिळतात, चार डावांत फक्त १२. संघाची सगळी आखणी या फरकावर बेतावी लागते. ९ जणींच्या क्रमात पहिल्या तिघींनाच दुसऱ्यांदा बॅटिंगची खात्री असते, त्यामुळे मोठा फटका मारणारी मुलगी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर जपून ठेवण्याची सवय इथे उपयोगी नाही. तिला पहिल्या तिघींत आणावे. ठरवून आउट देऊन धावपटू पुढे सरकवण्याचा बंटही (बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवणे) इथे महाग पडतो, कारण तो आउट त्या बारांपैकीच एक असतो. हुकमी पिचरला ‘नंतर लागेल’ म्हणून मागे ठेवू नये. ते ‘नंतर’ येतच नाही. मात्र हुकमी म्हणजे वेगवान नव्हे, स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या ठरलेल्या टप्प्यातून जाणारा चेंडू, टाकणारी. एका वॉकला (टप्प्याबाहेरचे चार चेंडू, म्हणजे चार ‘बॉल’, पडल्यावर बॅटरला मिळणाऱ्या पहिल्या बेसला) किमान चार पिच लागतात, बहुतेकदा सहा. पिचच्या मधले अंतर २० सेकंद धरले तर एका वॉकमागे दोन मिनिटे जातात, आणि हातात एकही आउट येत नाही.

बाकावरच्या मुलींचे काय, हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. छोट्या सामन्यात त्या बसूनच राहतात. सुरुवातीच्या संघातली मुलगी एकदा बाहेर जाऊन बॅटिंगच्या त्याच क्रमांकावर परत येऊ शकते, असा नियम आहे. म्हणून राखीव मुलींना दुसऱ्या-तिसऱ्या डावात उतरवावे, शेवटासाठी राखू नये. शेवट कोणत्या डावात येईल, हे ७५ मिनिटांच्या सामन्यात कोणालाच आधी ठाऊक नसते.

आता शेवटच्या पाच मिनिटांकडे येऊ. चौथ्या डावाचा उत्तरार्ध, ७१वे मिनिट, बॅटिंग करणारा संघ ५–३ ने पुढे. तिसरा आउट ७४व्या मिनिटाला झाला तर आणखी एक डाव, ७६व्या मिनिटाला झाला तर सामना खिशात. मग बुटाची नाडी सुटते, बॅट बदलली जाते, हेल्मेट सापडत नाही. याच्या नेमके उलटेही घडते. बॅटिंग करणारा संघ ३–७ ने मागे, दोन आउट, पहिल्या बेसवर धावपटू आणि एकच मिनिट शिल्लक. अशा वेळी पिचरच्या हातून चेंडू सुटायच्या आधीच बेस सोडायला मुलीला सांगितले जाते. ती नियमाने आउट होते आणि नवा डाव पदरात पडतो. जी चूक करू नये म्हणून वर्षभर सराव करून घेतला, तीच मुद्दाम करायला सांगायची!

पंचांनी इथे कचरू नये, नियम त्यांच्या पाठीशी आहे. खेळ लांबवण्यासाठी किंवा घाईने उरकण्यासाठी उघड युक्त्या करणाऱ्या संघाविरुद्ध सामना बहाल करण्याचा अधिकार पंचाला असतो. तितके टोक गाठायचीही गरज नाही. पिचरला २० सेकंद आणि बॅटरला १० सेकंद ही मर्यादा पहिल्या डावापासून पाळायला लावली, बॅटरच्या चालढकलीवर एक स्ट्राइक आणि पिचरच्या चालढकलीवर एक बॉल दिला, की पुढे कोणी वेळ काढत नाही. बॅटिंग करणाऱ्या संघाला डावात एकच सल्लामसलत मिळते, तीही मोजावी. पुढे असलेल्या संघाने चांगल्या चेंडूची वाट पाहत पिच सोडणे हा मात्र खेळाचाच भाग आहे. त्यावर आक्षेप घेऊ नये.

आयोजकांना एक पर्याय सुचवतो. ७५व्या मिनिटाला कुलूप घालण्याऐवजी ६०व्या मिनिटाला जो डाव चालू असेल तो आणि त्यानंतर आणखी एक, असे जाहीर करावे. शेवटचा डाव ठरलेला असल्यामुळे त्यात कोणी घड्याळाकडे बघत नाही आणि दोन्ही संघांना बॅटिंगची पाळी नक्की मिळते. ६०व्या मिनिटाच्या आसपास थोडी चालढकल होईल, पण तिने सामना तिथल्या तिथे संपत नाही. वेळापत्रकात मात्र अशा सामन्याला ९० मिनिटांची जागा ठेवावी लागेल. १४ वर्षांखालील गटात एका डावात पाच धावांची मर्यादा घालून फक्त शेवटचा डाव खुला ठेवण्याची पद्धत अमेरिकेतल्या अनेक स्थानिक लीगमध्ये आहे. तीही आजमावून पाहण्याजोगी आहे. बरोबरीत सुटलेल्या बाद फेरीच्या सामन्यात दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवून टायब्रेक खेळवायचा की नाही, हेही आधीच ठरवावे.

हे सगळे अर्ध्या पानात मावते. त्या पानाच्या प्रती सामन्याच्या आदल्या दिवशी सर्व संघांना द्याव्यात, एक गुणलेखकाच्या टेबलावर चिकटवावी आणि नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधार मुलींकडून ती मोठ्याने वाचून घ्यावी.

– शालेय सॉफ्टबॉलचे काही प्रशिक्षक व पंच