सुई नाकारल्याने नशा थांबत नाही

संपादक महोदय,

इंजेक्शनवाटे नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया-सिरिंज देण्याचा विषय निघाला की 'हे व्यसनाला खतपाणी' असा आक्षेप हमखास घेतला जातो. अशा रुग्णांची परिचारिका म्हणून मला तो पटत नाही.

सुई शिरेत नीट बसली का, हे पाहण्यासाठी दट्ट्या किंचित मागे ओढला जातो आणि सिरिंजमध्ये रक्त चढते. टोचून झाल्यावरही सुईच्या बुडाशी त्याचा अंश उरतो आणि तीच सिरिंज पुढच्याच्या हाती जाते. पाण्याने खळबळली म्हणजे ती स्वच्छ झाली, असे अनेकांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात सिरिंजमध्ये अडकलेल्या रक्तात एचआयव्ही काही आठवडेही तग धरू शकतो.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात सिरिंज मिळणे दुरापास्त झाले आणि जवळ सापडलेल्या सिरिंज पोलीस काढून घेऊ लागले. नशा चालूच राहिली, फक्त एकेक सिरिंज अनेकांत फिरू लागली. तेथील एका दवाखान्याच्या १९८६ मधील अहवालानुसार, इंजेक्शन घेणाऱ्या ज्या रुग्णांची तपासणी झाली, त्यांतले सुमारे निम्मे बाधित होते. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या एका ग्रामीण परगण्यात २०१५ मध्ये एचआयव्हीची साथ पसरली, तेव्हा कुठे तेथे सुया बदलून देण्यास परवानगी मिळाली; त्या साथीत अखेर दोनशेहून अधिक जणांना लागण झाली. साथ ओसरली आणि २०२१ मध्ये तोच उपक्रम बंद करण्याचा निर्णय झाला, याचे मला आजही वाईट वाटते.

सुईइतकेच महत्त्व नशेच्या पदार्थाऐवजी दिल्या जाणाऱ्या पर्यायी औषधोपचाराला आहे. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. हेरॉइनसारख्या नशेची सवय जडलेल्या माणसाला ती न मिळाल्यास होणारी अंगदुखी, उलट्या आणि तळमळ, ज्याला ही मंडळी 'टर्की' म्हणतात, ती या औषधांनी आवरते. मग टोचून घेण्याची गरज कमी होते आणि औषधासाठी नियमित येणारा माणूस एचआयव्हीच्या गोळ्याही न चुकता घेऊ लागतो.

हे सारे तो दारापर्यंत आला तरच शक्य आहे. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, दंडावरचे व्रण झाकत येणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी वृत्तपत्रांतून सर्रास वापरला जाणारा 'गर्दुल्ले' हा शब्द आपण तरी आपल्या बातम्यांतून काढून टाकावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक परिचारिका