नक्कल करणारे मूल दुबळ्या मनाचे नसते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नक्कल आणि इच्छास्वातंत्र्य (आपण काय करायचे ते आपणच ठरवतो, ही धारणा) यांवरचा लेख वाचला. राग शांत झाल्यावर लिहावे म्हणून एक दिवस थांबले, पण तो शांत झालेला नाही. ‘ज्याचा स्वतःच्या इच्छेवर विश्वास, तो दुसऱ्याची नक्कल करत नाही’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापले आहे. कशाच्या आधारावर? लेखात एकाही संशोधकाचे नाव नाही, साल नाही. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ एवढ्यावर भागवले आहे.

मानसशास्त्रज्ञ मार्सेल ब्रास यांचा बोटांचा प्रयोग लेखात नाव न घेता, अर्धवट आला आहे. पडद्यावर १ आकडा दिसला की तर्जनी उचलायची, २ दिसला की मधले बोट. त्याच वेळी पडद्यावरच्या हाताने भलतेच बोट उचलले, तर आपले बोट उचलायला किंचित उशीर होतो, सेकंदाच्या काही शतांशांचा; कारण त्या हाताची नक्कल करण्याची ओढ आधी आवरावी लागते. इच्छास्वातंत्र्य मानणाऱ्यांना ही ओढ अधिक आवरता येत असेल, अशी एक अटकळ होती. ओलिव्हर गेन्शो आणि सहकाऱ्यांनी ती तपासली आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की इच्छास्वातंत्र्यावरचा विश्वास आणि नकलेची ओढ यांचा संबंध आढळत नाही. तुम्ही चौकटीत नेमके उलटे छापले आहे.

याचा मला इतका राग का यावा, तेही सांगते. माझी नात सातवीत आहे. समोरच्याने मान तिरकी केली की हिची मान तिरकी होते, मैत्रीण नखे कुरतडू लागली की हिचाही हात तोंडाशी जातो. गेल्या वर्षी शाळेतल्या पालकसभेत एका समुपदेशकांनी तिला सगळ्यांदेखत उभे केले आणि ‘हिला स्वतःचे मन नाही’ असे सांगितले. वर तिच्या आईच्या हातात ‘मनोबल’ वर्गाचा अर्ज ठेवला. तेव्हापासून घरी पाहुणे आले की पोर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते. मी तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले. तिची समजूत घालायला मला महिने लागले, आणि रविवारी त्याच अर्थाचे वाक्य तिने तुमच्या पुरवणीत वाचले.

चार्टरँड आणि बार्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली दाखवून दिले होते, की पाय हलवणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर काम करताना आपलाही पाय नकळत हलू लागतो. तो चेहरा चोळत असला, तर आपलाही हात चेहऱ्याकडे जातो. आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार करण्याची सवय ज्यांना जास्त, त्यांच्यात हे अधिक दिसले. जिला समुपदेशक दुबळेपणा म्हणाले, ती माझ्या नातीची माणसांची समज असू शकते. हे त्या सभेत कोणी बोलायला हवे होते.

इच्छास्वातंत्र्यावरचा विश्वास उडाला की माणूस लबाडी करू लागतो, हा लेखातला दावाही जुना आहे. तो व्होज आणि स्कूलर यांच्या २००८ च्या प्रयोगातला. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. अशा १४५ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२२ साली आला. इच्छास्वातंत्र्य नसतेच असे सांगणारा मजकूर वाचायला देऊन लोकांचा त्यावरचा विश्वास थोडाफार हलवता येतो, पण त्यामुळे वागणूक बदलते याला फारसा पुरावा नाही, असे त्यात आढळले. लेखकाने हे शोधायचे कष्ट घ्यायला हवे होते.

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच चौकटीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आणखी एक. त्याच लेखाखाली, त्याच टाइपात, ‘मुलांची इच्छाशक्ती वाढवा’ असा मजकूर आहे आणि त्यात शुल्क व फोन नंबर दिला आहे. ती जाहिरात असेल, तर तिच्यावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट छापत चला.

आपली,
मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, सांगली